मागच्या ब्रेकची हवा घरी काढायची असेल तर आधी ती शिरली कुठून ते बघा

प्रश्न असा आला आहे: "भाऊ, मी नागपूरला मनीषनगरात राहतो. गाडी २०० सीसीची, मागे डिस्क. मागचे पॅड मीच बदलले, आणि ब्रेक ऑइल काळं झालं होतं म्हणून तेही सगळं काढून नवीन टाकलं. आता पेडल अर्ध्याच्या खाली जाऊन राहिलं. ब्रेक लागतो, पण उशिरा लागतो. जवळचा मेकॅनिक म्हणते मास्टर सिलिंडरची किट टाकावी लागेल. घरीच एअर काढली तर जमेल काय? पुढच्या महिन्यात चिखलदऱ्याला जायचं आहे."

जमेल. सामान किरकोळ लागतं. अर्धा दिवस मोकळा ठेवा आणि घाई करू नका. पण पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. डिस्क ब्रेकची यंत्रणा बंद असते. पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत सगळीकडे ऑइल भरलेलं असतं आणि तिच्यात हवा आपणहून शिरत नाही. शिरली असेल तर एक तर कोणीतरी ती यंत्रणा उघडली आहे, नाही तर कुठून तरी गळती आहे. कारण न शोधता नुसती हवा काढली, तर पेडल त्या दिवशी कडक होतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा खाली बसतं.

तुमच्याकडे कारण समोरच आहे. जुनं ऑइल काढताना मास्टर सिलिंडरला जोडलेली ऑइलची डबी पूर्ण रिकामी झाली असणार आणि तेव्हाच मास्टर सिलिंडरने हवा ओढली असणार. त्यामुळे आधी हवा काढायची आणि मगच किटचा, म्हणजे मास्टरच्या आतल्या पिस्टन-सीलांच्या संचाचा, विचार करायचा, हा क्रम बरोबर. मात्र तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं उडवून लावू नका, कारण जुन्या गाडीत ऑइल बदलल्यावर किट जाण्याचे प्रसंग खरोखर येतात. ते का, हे पुढे सांगतो.

पहिली तपासणी पायाने करायची. गाडी बंद ठेवा, पेडल हळू दाबा आणि पायाला काय लागतं त्याकडे लक्ष द्या. पेडल दाबताना लवचीक लागत असेल, चारपाच वेळा भरभर दाबल्यावर वर येऊन कडक होत असेल आणि मिनिटभर सोडून पुन्हा दाबल्यावर परत खाली जात असेल, तर आत हवा आहे. पेडल कडक लागतं, पण त्यावर एकसारखा जोर धरून ठेवला की हळूहळू खाली सरकत जातं, असं होत असेल तर ऑइल कुठून तरी निसटतंय. बाहेर कुठेच ओल दिसली नाही, तर ते मास्टरच्या आतल्या सीलवरून मागे येतंय, आणि तेव्हा किटच लागते. तिसरा प्रकार म्हणजे पेडल कडक, प्रवासही कमी, पण गाडी थांबत नाही. तिथे हवेचा संबंध नसतो. पॅडवर तेल किंवा ग्रीस गेलेलं असतं, पॅड चकचकीत झालेले असतात, नाही तर कॅलिपरच्या पिना अडकलेल्या असतात.

आणखी एक शक्यता फार साधी आहे. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलावा लागतो. नंतर तो पुन्हा पुढे येऊन पॅड डिस्कला भिडेपर्यंत पेडल खालीच जातं. दहाबारा वेळा सावकाश दाबलं की ते आपोआप वर येतं. हे न करता लोक घाबरून निपल, म्हणजे हवा काढायचा कॅलिपरवरचा पोकळ स्क्रू, खोलतात आणि नसलेली हवा खरोखर आत घालतात. तुम्ही गाडी चालवली आहे, म्हणजे तो टप्पा तुमच्याकडे होऊन गेला असेल, तरी एकदा करून बघा.

आता मास्टर सिलिंडर बघा. उजव्या फूटरेस्टच्या मागे तो उभा बसवलेला असतो. त्याच्या खालच्या टोकाला पुशरॉडवर, म्हणजे पेडलला जोडलेल्या दांड्यावर, एक रबरी टोपी असते. ती हलक्या हाताने वर सरकवा आणि आत कोरडा फडका फिरवा. फडक्याला ओल लागली तर सील गेलं आहे आणि मेकॅनिक बरोबर बोलतोय. कोरडं असेल तर पुढे चला.

पुशरॉडजवळ हात गेलाच आहे तर एक कळकळीची सूचना. पेडल खाली जातंय म्हणून पुशरॉडचा नट फिरवून पेडल वर आणू नका. हा उपाय बरेच जण सुचवतात, पण तो धोक्याचा आहे. मास्टरच्या आत डबीकडे जाणारं एक अगदी बारीक छिद्र असतं. पेडल सोडल्यावर ऑइल त्याच छिद्रातून डबीत परत जातं. पुशरॉड जास्त लांब केला की पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ते छिद्र झाकलेलंच राहतं. गाडी चालू लागली, कॅलिपर तापला, ऑइल फुगलं, की त्याला परत जायला वाट नसते. मग पॅड डिस्कला धरूनच राहतात, त्यामुळे आणखी उष्णता, आणखी दाब, आणि दहापंधरा किलोमीटरवर मागचं चाक जाम होतं. वर्धा रोडवर ट्रक मागे असताना असं झालं तर काय होईल याची कल्पना करा. पेडलला वर थोडासा मोकळा खेळ असलाच पाहिजे. तो किती असावा आणि पेडलची उंची किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

सामानाकडे वळू. ८ नंबरचा रिंग पाना लागेल. बऱ्याच गाड्यांच्या निपलला तोच बसतो, काहींना १० नंबरचा. सहा कोनांचा मिळाला तर उत्तम, कारण निपलची कडा लवकर गोल होते. निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी घ्या, माशांच्या टाकीला वापरतात ती चालते. अरुंद वाटली तर तिचं टोक गरम पाण्यात बुडवून चढवा. एक पारदर्शक बाटली, जाड सिरिंज, जुने सुती फडके, पाण्याने भरलेली बादली आणि डबीच्या झाकणाच्या स्क्रूला नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर, एवढंच. या स्क्रूंचे डोके मऊ धातूचे असतात. लहानमोठा स्क्रू ड्रायव्हर लावला की खाच जाते आणि मग ड्रिल मारण्याची वेळ येते. स्क्रू निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर खाचेत ठेवून त्याच्या मुठीवर हलका ठोका द्या, मग फिरवा.

ऑइल कोणतं, ते डबीच्या झाकणावरच कोरलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. तेच घ्या. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही एकाच घराण्यातली, ग्लायकॉलवर आधारलेली. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. आकडा जवळचा दिसला तरी ते यांच्यात मिसळायचं नाही, आणि एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत तर मुळीच नाही. इंजिन ऑइल, डिझेल, पेट्रोल यांतलं काहीही या यंत्रणेत एक थेंबसुद्धा जाता कामा नये. ब्रेकमधली रबरी सीलं पेट्रोलियमने फुगतात, आणि मग एक किट बदलून भागत नाही. मास्टर, कॅलिपर आणि पाइप तिन्हीकडचं रबर बदलावं लागतं. म्हणून सिरिंज आणि नळी कोरी घ्या, गॅरेजात इंजिन ऑइल ओढलेली नको.

मागच्या ब्रेकला १०० मिलिच्या आसपास ऑइल पुरतं. पहिल्यांदाच करताय, थोडं वाया जाणार, म्हणून मी तुम्हाला २५० मिलिची सीलबंद बाटली घ्यायला सांगेन. उरलेलं पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि अर्धी भरलेली बाटली पावसाळाभर कपाटात राहिली की ते वापरण्याजोगं राहत नाही.

हे पाणी शोषणं हाच ऑइल बदलण्यामागचा सगळा मुद्दा आहे. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो किमान १५५ अंश असला तरी मानकात बसतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. नागपुरात उन्हाळा आला की लोक विचारतात, एवढ्या उन्हात ब्रेक ऑइल उकळतं का? नाही. इथला विक्रमी उन्हाळा, म्हणजे मे २०१३ मधले ४७.९ अंश धरले, तरी त्यात काहीच उकळत नाही. उकळायला डिस्क आणि पॅडच्या घर्षणाची उष्णता लागते. उन्हाने उकळीपर्यंतचं अंतर तेवढं थोडं कमी होतं. खरं नुकसान करतो तो पावसाळा. जुलै ते सप्टेंबर हवेत भरपूर दमटपणा असतो, आणि पाणी डबीच्या झाकणातून, रबरी पाइपच्या भिंतीतूनही हळूहळू आत झिरपत राहतं. म्हणून ऑइल काळं झालं नाही तरी दोन वर्षांनी बदला. कोऱ्या चहाचा रंग आला असेल तर दोन वर्षांचीही वाट बघू नका.

माझा आग्रह दसऱ्याच्या सुमाराचा असतो. त्या दिवशी आपण गाडी धुतो, पुसतो, झेंडूचा हार घालतो. पाऊस सरलेला असतो, हवा कोरडी होऊ लागलेली असते. त्याच आठवड्यात ब्रेकचं काम उरकून घेतलं तर तारीखही लक्षात राहते. पाऊस कोसळत असताना डबी उघडी ठेवून हे काम करू नका.

आता काम. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर घ्या. नसेल तर पॅडॉक स्टँड लावा, तोही नसेल तर साइड स्टँडवरही होतं. मात्र डबीतली पातळी बघताना गाडी कोणाला तरी सरळ धरायला सांगा, तिरकी असताना दिसणारी रेघ फसवते. इग्निशन बंद. डबीजवळचे रंगवलेले भाग, सायलेन्सर आणि टायर ओल्या फडक्यांनी झाका. ब्रेक ऑइल रंग उचलतं. थेंब सांडला तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. ते पाण्यात विरघळतं, म्हणूनच बादली शेजारी हवी. डिस्कवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. पॅडवर ऑइल सांडलं तर पॅड फेकावेच लागतात, जाळून किंवा घासून ते पूर्ववत होत नाहीत.

झाकण उघडण्याआधी डबीभोवतीची माती ब्रशने आणि ओल्या फडक्याने नीट काढा. आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ तिथे थर करून बसते आणि झाकण निघताच आत पडते. झाकणाखाली रबराचा घडीदार पडदा असतो. ऑइल कमी होत गेलं की तो खाली ओढला गेलेला असतो. घड्या परत नीट दुमडून, स्वच्छ पुसून कोरड्या जागी ठेवा. आता डबी वरच्या रेघेपर्यंत भरा, काठोकाठ नाही.

निपलवरची रबरी टोपी काढा. आधी पाना चढवा, मग नळी, नाही तर नळी काढून पुन्हा लावावी लागते. नळी आधी थोडी वरच्या दिशेने वळवून मग खाली बाटलीत सोडा, आणि तिचं टोक बाटलीतल्या थोड्याशा ताज्या ऑइलमध्ये बुडालेलं ठेवा. म्हणजे चुकून मागे ओढलं गेलं तरी हवा नाही, ऑइल ओढलं जाईल.

पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवा. हा ठोकळा पुष्कळ जण वगळतात, आणि किट जाण्याचं मूळ इथेच आहे. रोज वापरताना मास्टरचा पिस्टन आपल्या नळकांड्यात थोडासाच सरकतो. त्यापुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो आणि तिथे गंज किंवा कीट धरलेलं असतं. ब्लीड करताना, म्हणजे हवा काढताना, निपल उघडं असतं, पेडलला विरोध नसतो, पाय थेट तळापर्यंत जातो आणि सीलची नाजूक कड त्या खडबडीत भागावर घासली जाते. सकाळपर्यंत चांगला असलेला मास्टर संध्याकाळी गळायला लागतो, तो असा. ठोकळ्याने पेडल नेहमीपेक्षा थोडंच जास्त खाली जाऊ द्या.

दोघं असाल तर बरं. एकाने पेडलजवळ बसायचं, हाताने दाबलं तरी चालतं, दुसऱ्याने निपलजवळ. बोलायचे शब्द आधी ठरवून घ्या. आमच्या वर्कशॉपमध्ये मुलांना मी एवढंच शिकवतो: पेडलवाला दाबून धरतो आणि म्हणतो, "धरलं." निपलवाला पाव वळसा उघडतो. पेडल पायाखालून सरकतं, नळीतून ऑइल येतं. ते थांबायच्या आत निपल बंद, आणि मगच निपलवाला म्हणतो, "सोड." हा शब्द कानावर पडेपर्यंत पाय उचलायचा नाही. पाय आधी उठला तर उघड्या निपलमधून, आट्यांच्या फटीतून हवा परत आत जाते आणि तेवढ्या वेळची मेहनत फुकट.

पहिल्या चारदोन वेळा नळीकडे बघत राहा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतील, ऑइल मध्येमध्ये तुटलेलं दिसेल. मग बुडबुडे लहान होत जातील, भिंतीला चिकटून सावकाश वर सरकतील, आणि शेवटी स्वच्छ, फिकट पिवळी अखंड धार येईल. पाना उघडताना हाताला एक बारीक झटका जाणवतो, तो आत दाब तयार होऊ लागल्याची खूण आहे. हवा जास्त असेल तोवर तो जाणवत नाही.

पेडल भरभर पंप करू नका. जोरात हलवलेल्या ऑइलमध्ये मोठ्या बुडबुड्याचे शेकडो बारीक बुडबुडे होतात आणि ते बाहेर यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. दोन दाबांच्या मध्ये तीनचार सेकंद थांबा. आणि डबीवर लक्ष. मागची डबी लहान असते, सातआठ दाबांत पातळी खालच्या रेघेजवळ येते. ती रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एकटेच असाल तर कमी श्रमाचा मार्ग आहे. डबी कॅलिपरपेक्षा उंच असल्यामुळे नुसतं निपल उघडं ठेवलं तरी ऑइल थेंबथेंब खाली येतं. झाकण सैल ठेवून, शेजारी बसून, डबी भरत राहा. वेळ लागतो, पण यात चुकायला फारसं काही नसतं. शेवटी दोनचार वेळा पेडलने दाबून ब्लीड करा.

हे सगळं नीट करूनही पेडल मऊच राहिलं, तर हवा कुठेतरी दडून बसली आहे. मागच्या ब्रेकमध्ये अशा जागा ठरलेल्या आहेत, आणि घरी काम करणारे तिथेच अडतात.

पहिली जागा मास्टर सिलिंडरचं वरचं टोक. पुष्कळ गाड्यांत पाइप मास्टरच्या माथ्यातून बँजो बोल्टने (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टने) निघतो, वर जाऊन वळसा घेतो आणि मग खाली कॅलिपरकडे उतरतो. हवा तर वर जाणार. ती त्या माथ्यावरच्या वळणात बसून राहते आणि खालून निपलमधून कितीही ऑइल काढा, ती बाजूने जाऊ देते. इथे उपाय असा: बँजो बोल्टभोवती जाड फडका गुंडाळा, पेडल दाबून धरायला सांगा, बोल्ट अगदी किंचित सैल करा, फस्स करून हवा आणि थोडं ऑइल येईल, लगेच घट्ट करा, मग पेडल सोडा. दोनतीनदा केलं की पुरे. नंतर ती जागा पाण्याने धुवा, कोरडी करा आणि ओल येते का बघा. येत असेल तर दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवीन टाका. बोल्ट पूर्ण काढला असेल तेव्हा तर नवे वायसर टाकायचेच.

दुसरी जागा कॅलिपर. निपल कॅलिपरच्या सगळ्यात उंच जागी असेल तरच हवा तिथून निघते. काही गाड्यांत कॅलिपर स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, खाली लटकलेला असतो, काहींत निपल आडवं येतं. अशा वेळी कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो डिस्कवरून सोडवा, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची, म्हणजे चारपाच मिलिमीटरची, लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घाला आणि निपल वर येईल असा कॅलिपर हातात धरून ब्लीड करा. पट्टी विसरलात तर पेडल दाबताच पिस्टन बाहेर येईल, म्हणून ती आधी, बाकी सगळं नंतर. कॅलिपरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके टिचके मारत राहा, चिकटलेले बुडबुडे सुटतात.

तिसरी जागा पाइप. त्यावरही असेच टिचके मारा, आणि डबीचं झाकण उघडं असताना पेडल अगदी अर्धा सेंटिमीटर दाबून सोडत राहा. त्या बारीक छिद्रातून डबीत छोटे बुडबुडे वर येताना दिसतील. हे दिसणं बंद होईपर्यंत करा. माझ्या मते मागच्या ब्रेकवर सगळ्यात जास्त फळ याच दोन मिनिटांच्या कामाचं मिळतं.

पेडल रात्रभर दोरीने बांधून ठेवायचा उपायही ऐकला असेल. पुढच्या ब्रेकला तो बऱ्यापैकी लागू पडतो, कारण तिथला पाइप कॅलिपरपासून मास्टरपर्यंत बहुतेक चढताच असतो. मागे पाइपला चढउतार असल्यामुळे मी त्यावर अवलंबून राहत नाही. करून बघायला हरकत नाही.

यंत्रणा पूर्ण कोरडी झाली असेल, तर सिरिंजने उलटं भरणं सोपं जातं. डबीतलं ऑइल थोडं काढून जागा करा, सिरिंज आणि नळी ऑइलने पूर्ण भरा, निपल उघडून खालून वर सावकाश ढकला. हवा नाहीतरी वरच जाणार असते, तिला तिच्या दिशेने जाऊ द्यायचं. हे फक्त ताज्या ऑइलने आणि स्वच्छ कॅलिपरमध्ये करा, नाही तर तळाचा गाळ मास्टरमध्ये जातो. उलट सिरिंजने ऑइल खाली ओढत असाल, तर नळीत बुडबुडे येतच राहतील. ते आतले नसतात, निपलच्या आट्यांतून येणारी बाहेरची हवा असते. ते थांबण्याची वाट बघत लोक अख्खी बाटली संपवतात.

एबीएसबद्दल. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. त्यातल्या अनेक १५० ते २०० सीसीच्या गाड्यांना एकच चॅनेल असतो, म्हणजे एबीएस फक्त पुढच्या चाकाला, आणि मागचा ब्रेक साधाच. तुमची तशी असेल तर वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लागू. मागच्या मास्टरमधून निघालेला पाइप थेट कॅलिपरला जातोय का, हे डोळ्यांनी बघितलं की कळतं. दोन चॅनेल असतील आणि पाइप मध्ये एबीएसच्या युनिटमध्ये जात असेल, तर डबी रिकामी होऊ न देता ऑइल बदलणं घरी होतं. पण डबी कोरडी होऊन युनिटमध्ये हवा गेली असेल, तर तिथली हवा काढायला कंपनीचं स्कॅनर लावून आतला पंप चालवावा लागतो. त्यात वेळ घालवू नका, गाडी टेम्पोत घालून सर्व्हिस सेंटरला न्या.

शेवटचं घट्ट करणं जपून. निपल आतून पोकळ असतं आणि त्याला लागणारा जोर अगदी थोडा, साधारण ५ ते ८ न्यूटन मीटर. पाना निपलजवळ आखूड धरा, मनगटाने फिरवा, खांद्याने नाही. तुटलेलं निपल कॅलिपरमधून काढणं हे लेथवाल्याचं काम होऊन बसतं. रबरी टोपी परत लावा. नसेल तर दुकानातून आणा, नाही तर छिद्रात चिखल बसतो आणि पुढच्या वेळी ते उघडत नाही. डबी वरच्या रेघेपर्यंत भरा, पडदा आणि झाकण लावा. रेघेच्या वर भरलं तर तापल्यावर फुगायला जागा राहत नाही आणि ब्रेक धरून राहू शकतो.

मग पेडल चांगलं जोरात दाबून मिनिटभर धरा. खाली सरकतंय का? निपल, बँजो, पुशरॉडची टोपी, तिन्ही ठिकाणी कोरडा कागद लावून बघा. पेडल सोडून मागचं चाक हाताने फिरवा, मोकळं फिरलं पाहिजे. मागचा लाइट पेडलबरोबर लागतो का तेही बघा. डिस्कवर हात लागला असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा. पहिली फेरी गल्लीतच, वीसच्या वेगाने, आणि पुढचा ब्रेक चालू आहे याची खात्री करून. रिंग रोडला दुसऱ्या दिवशी जा. थोडं चालवून आल्यावर कागद पुन्हा लावा.

चिखलदऱ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण नागपूर ते अमरावती सपाट रस्त्यावर मागच्या ब्रेकची परीक्षा होतच नाही. ती परतताना होते, परतवाड्याकडे घाट उतरताना. पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय असेल, तर पॅड सतत घासत राहतात, कॅलिपर थंड व्हायला उसंत मिळत नाही आणि आतलं ऑइल उकळीला येऊ शकतं. उकळलं की वाफ होते, वाफ हवेसारखीच दबते, आणि पेडल अचानक तळाला जातं. तेव्हा गिअर खालचा ठेवा, इंजिनवर गाडी धरा, दोन्ही ब्रेक मिळून वळणाआधी थोडा वेळ ठाम दाबा आणि पूर्ण सोडा. उतरताना पेडल मऊ होतंय असं वाटलं की बाजूला थांबा आणि अर्धा तास तरी थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. जायच्या आधी पंधरा दिवस ही गाडी गावात चालवा, म्हणजे काही राहिलं असेल तर ते इथेच कळेल.

एवढं करूनही पेडल धरून ठेवल्यावर खाली सरकत असेल, किंवा आठवड्यात पुन्हा मऊ पडलं, तर तिसऱ्यांदा ब्लीड करू नका. किट टाकायला सांगा. मेकॅनिकला नुसतं "ब्रेक लागत नाही" म्हणू नका. पेडल सरकतं की लवतं, कुठे ओल दिसली, ऑइल कोणतं आणि कधी टाकलं, हे सांगा, त्याचं अर्धं काम तिथेच होतं. किट गाडीच्या कंपनीचीच घ्या आणि मास्टरचं नळकांडं आतून प्रकाशात बघायला सांगा. त्यात बोटाच्या नखाला अडकेल असा ओरखडा असेल तर नवी किटही टिकणार नाही, पूर्ण मास्टर बदलावा लागेल.

निघालेलं जुनं ऑइल नालीत किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नका. ते विषारी असतं. बाटलीचं झाकण घट्ट लावून, वर ठळक लिहून, लहान मुलं आणि कुत्र्यामांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवा, आणि गॅरेजमध्ये जुनं ऑइल गोळा करतात तिथे वेगळ्या बाटलीतच द्या. इंजिन ऑइलच्या डब्यात मिसळू नका.